काट्याचा पाठभेद

'डॅशबोर्ड' हा शब्द मोटारीहून जुना आहे. घोड्यांच्या टापांनी उडवलेला चिखल गाडी हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून घोडागाडीच्या पुढच्या बाजूला जी आडवी फळी किंवा चामड्याचा पडदा लावत, त्याचे हे नाव. घोडे गेले, फळी राहिली, आणि पुढे तिच्यावर एकेक तबकडी येऊन बसली. जी वस्तू रस्ता आणि माणूस यांच्या आड येण्यासाठी होती, तीच त्याला रस्त्याची आणि यंत्राची वार्ता सांगू लागली. अर्थाचा असा उलटा प्रवास भाषेच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. पण प्रस्तुत लेखाचा विषय हा शब्द नसून त्या फळीवरच्या तबकड्या आहेत. त्याहून नेमके सांगायचे तर, जुन्या मोटारींतल्या या तबकड्या खोटे बोलू लागल्या की त्यांची दुरुस्ती कोणत्या तर्काने होते आणि त्या तर्कामागे कोणता इतिहास आहे, हा आहे.

मराठीच्या प्राध्यापकाने या वाटेला का जावे, याचा खुलासा आधी करायला हवा. आमच्या घरी एक जुनी मोटार आहे (तिचे नाव इथे अप्रस्तुत). तिचा पेट्रोलचा काटा माझ्या लहानपणापासून अर्ध्यावर असे. टाकी काठोकाठ भरून आणली तरी अर्ध्यावर, गाडी भर घाटात पेट्रोलवाचून थांबली तरी अर्ध्यावर. वडील डिकीत एक बांबूची पट्टी ठेवत. तिच्यावर चाकूने पाडलेल्या खाचा होत्या. प्रवासाला निघण्यापूर्वी पट्टी टाकीत बुडवायची, ओली खूण कुठवर आली ते पाहायचे, आणि काट्याकडे न बघता निघायचे. वडील गेल्यावर गाडी बरीच वर्षे उभी होती. ती पुन्हा चालती करायचे ठरले तेव्हा ज्या वयोवृद्ध ऑटो इलेक्ट्रिशियनांकडे ती नेली, त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून मी काही रविवार काढले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले, "सर, काटा उघडायचा नाही. आधी बाकीचं सगळं तपासायचं." हे वाक्य ऐकताच मला एम.ए.च्या वर्गात शिकवत असलेल्या पाठचिकित्सेची आठवण झाली. हाती आलेल्या प्रतीत अशुद्ध जागा दिसली की ती आपल्या बुद्धीने दुरुस्त करण्याचा मोह होतो. पण चूक कवीची, लेखनिकाची, की मधल्या कुठल्या प्रतीची, हे ठरल्याशिवाय लेखणी उचलायची नाही, हा त्या शास्त्राचा पहिला नियम आहे. काट्याच्या बाबतीतही तोच नियम का लागू पडतो, हे समजण्यासाठी काटा आणि तो ज्याची बातमी देतो ती वस्तू यांच्यातले अंतर कसे वाढत गेले ते पाहावे लागते.

आरंभी हे अंतर नव्हतेच. फोर्डच्या 'मॉडेल टी'ची टाकी पुढच्या आसनाखाली असे. आसन उचलायचे, लाकडी पट्टी बुडवायची, वाचायचे. (आमच्या वडिलांची युक्ती म्हणजे नकळत केलेले पुनरुज्जीवनच होते.) जर्मनीच्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तर १९६० च्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत पेट्रोलचा काटा नव्हता, इंजिन अडखळू लागले की पायाशी असलेली तोटी फिरवून राखीव पेट्रोल सोडायचे, एवढीच सोय. पाण्याच्या उष्णतेसाठी १९१२ च्या सुमारास 'बॉइस मोटोमीटर' आला. हा रेडिएटरच्या टोपणावर उभा केलेला उष्णतामापक. चालकाने बॉनेटवरून नजर टाकून तो वाचायचा. म्हणजे मोजणारी वस्तू, मोजली जाणारी वस्तू आणि वाचण्याची जागा एकच. अशा यंत्रात बिघाडाला जागा थोडी. काच फुटेल, पारा सांडेल, पण चूक कुठे आहे हा प्रश्न पडणार नाही.

अंतर वाढवण्याची पहिली मोठी करामत मोटारीच्या आधीच, वाफेच्या यंत्रांच्या काळात झाली होती, आणि तिची कथा दुरुस्तीचीच आहे. पॅरिसचे एझेन बूर्दों हे घड्याळे आणि वाफेची यंत्रे करणारे कारागीर. एक नळी वेटोळी वाकवताना चपटी झाली. ती पुन्हा गोल व्हावी म्हणून त्यांनी तिचे एक तोंड बंद करून दुसऱ्या तोंडातून दाबाने पाणी सोडले. नळी गोल होऊ लागली. पण त्याचबरोबर तिचे वेटोळेही उलगडू लागले. दाब जितका जास्त, तितके उलगडणे जास्त. १८४९ मध्ये बूर्दों यांनी या तत्त्वावरील दाबमापकाचे पेटंट घेतले. वळवलेल्या चपट्या नळीचे मोकळे टोक एका काट्याला जोडले की बंद बॉयलरच्या पोटातला दाब बाहेर तबकडीवर दिसू लागतो. बॉयलर फुटून माणसे मरत होती अशा काळात ही गोष्ट किती मोलाची ठरली असेल, हे सांगायला नको. जुन्या मोटारींच्या डॅशबोर्डवरचा ऑइलच्या दाबाचा यांत्रिक काटा म्हणजे हीच नळी. इंजिनापासून एक बारीक नळी येते, तिच्यातून प्रत्यक्ष ऑइलच तबकडीच्या पाठीमागे पोचते. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनीही ही रचना पालटलेली नाही.

वेगाच्या काट्याची वंशावळ अधिक विलक्षण आहे. १८२४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रांस्वा आरागो यांना असे दिसले की, फिरणाऱ्या तांब्याच्या चकतीवर टांगलेली चुंबकसूची चकतीला स्पर्श न करताही तिच्याबरोबर ओढली जाते. तांबे तर चुंबकाला ओढत नाही. मग हे काय? त्याचा उलगडा १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांच्या प्रयोगांनी झाला. चुंबक आणि धातू एकमेकांच्या सापेक्ष हलले की धातूत विजेचे भोवरे उठतात, आणि ते भोवरेच ही ओढ निर्माण करतात. १९०२ मध्ये स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी याच ओढीचा वेगमापक केला आणि त्याचे जर्मन पेटंट मिळवले. गिअरबॉक्सपासून निघालेली लवचिक तार एका चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती, त्याला न शिवणारी, अॅल्युमिनियमची वाटी असते. वाटी ओढली जाते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते, आणि या दोन ओढींचा समतोल जिथे साधतो तिथे काटा थांबतो. चाक आणि काटा यांच्यात कुठेतरी एक पोकळी आहे, जिथे काहीच काहीला लागत नाही, आणि वेगाची बातमी त्या पोकळीतून पलीकडे जाते. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने ताशी २० मैलांची मर्यादा घातली, तेव्हा आपण किती वेगाने जात आहोत हे माहीत असणे ही हौस न राहता गरज झाली. लंडनच्या स्मिथ या घड्याळजी घराण्याने हा धंदा उचलला, आणि पुढे कित्येक दशके ब्रिटिश मोटारींच्या तबकड्यांवर त्यांचेच नाव राहिले. घड्याळजी या व्यवसायात आले हे स्वाभाविकच. आजही हे काटे दुरुस्त करणाऱ्याला लागणारी हत्यारे घड्याळजीचीच असतात.

इतका इतिहास झाल्यावर आता बिघाडाकडे वळू. जुन्या मोटारीचा वेगाचा काटा चुकतो आहे, अशी तक्रार आली तर जाणकार कारागीर तबकडी उघडत नाही. तो आधी एक साधा प्रश्न विचारतो: मैलांचे आकडे बरोबर पडतात का? या प्रश्नात सारे रहस्य आहे. वेग दाखवणारा काटा आणि अंतर मोजणारे आकडे एकाच तारेवर चालतात, पण त्यांचा पुढचा प्रवास वेगळा. आकड्यांची चाके दातेरी चक्रांनी तारेला थेट जोडलेली असतात. काट्याची मात्र त्या पोकळीवर आणि स्प्रिंगवर मदार. दोन्ही बंद पडले असतील, तर बहुधा तार तुटली आहे. आकडे बरोबर आणि वेग कमी, तर चुंबक क्षीण झाला आहे. आकडे बरोबर आणि वेग जास्त, तर स्प्रिंग थकली आहे किंवा तारेला फासलेले ग्रीस वर चढून वाटीशी पोचले आहे, आणि जिथे काहीच काहीला लागायचे नाही तिथे चिकटपणा शिरला आहे. (म्हणूनच तारेच्या वरच्या टोकाला ग्रीस लावू नये असे जुने कारागीर बजावतात. जास्त काळजी घेणाऱ्याच्या गाडीत हा दोष हटकून आढळतो.) काटा थरथरत असेल, तर तार कुठेतरी मुरडली आहे किंवा कोरडी पडली आहे. आणि वेग व अंतर दोन्ही एकाच प्रमाणात चुकत असतील, तर तबकडी निर्दोष आहे. कुणीतरी वेगळ्या मापाचे टायर किंवा वेगळ्या दातांचे गिअर बसवले आहेत. स्मिथच्या तबकड्यांवर तळाशी बारीक अक्षरांत १२८० यासारखा एक आकडा असतो, जो बहुतेक मालक कधीच वाचत नाहीत. एका मैलात तारेचे इतके फेरे व्हावेत, असा त्याचा अर्थ. गाडीचे एक चाक रस्त्यावर मोजलेल्या अंतरापर्यंत फिरवून तारेचे फेरे मोजले की तबकडी याच गाडीसाठी लिहिलेली होती, की दुसऱ्या कुठल्या गाडीतून इथे आली, ते कळते.

एकाच उगमापासून निघालेल्या दोन साक्षी ताडून चूक कोणत्या टप्प्यावर शिरली ते ठरवणे, हे ज्याने हस्तलिखितांचे काम थोडेफार पाहिले आहे त्याला ओळखीचे वाटेल. याहून नेमके साम्य विजेवर चालणाऱ्या काट्यांत आहे. १९६० च्या दशकात ब्रिटिश मोटारींत पेट्रोल आणि पाण्याच्या उष्णतेचे काटे नव्या पद्धतीचे आले. दोन वेगवेगळ्या धातूंची जोडपट्टी, तिच्याभोवती बारीक तारेचे वेटोळे. विजेने वेटोळे तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. या काट्याची चाल संथ. आधीच्या पद्धतीचे काटे पेट्रोल हिंदकळले की नाचत, हे नाचत नाहीत. पण त्यात एक अडचण होती. गाडीच्या बॅटरीचा दाब स्थिर नसतो. इंजिन मंद असताना एक, वेगात असताना दुसरा. दाब बदलला की काटाही बदलणार. म्हणून तबकड्यांच्या मागे एक लहानशी पत्र्याची डबी बसवली गेली, जिला व्होल्टेज स्टॅबिलायझर म्हणतात. तिच्यातही अशीच एक जोडपट्टी असते. ती तापून संपर्क तोडते, निवून पुन्हा जोडते, आणि या सततच्या तोडजोडीतून सरासरी १० व्होल्टचा दाब काट्यांना मिळतो. ही डबी गाडीच्या पत्र्याला घट्ट लागलेली हवी, कारण तिचा अर्थ त्या पत्र्यातूनच मिळतो. (मेकॅनिक मंडळींचा 'अर्थ' म्हणजे जमिनीशी जोडणी, पण हा श्लेष टाळावासा वाटत नाही.) गंज चढून किंवा रंग देताना ही जोडणी सुटली की डबीतली तोडजोड थांबते, पुरा दाब पुढे जातो, आणि दोन्ही काटे वर चढतात. टाकी भरलेली दिसते आणि इंजिन उकळते आहे असे वाटते.

अननुभवी माणूस इथे काय करतो? पाण्याचा काटा वर गेलेला पाहून तो रेडिएटर साफ करवतो, थर्मोस्टॅट बदलतो, पाण्याचा पंप उघडतो. पेट्रोलच्या काट्याचे त्याला काही वाटत नाही, कारण भरलेली टाकी कुणाला दुःख देत नाही. आमच्या इलेक्ट्रिशियनांनी मला शिकवले ते असे: "एक काटा चुकला तर त्या काट्याचं बघा. दोन काटे एकाच बाजूला चुकले तर त्यांचा बाप शोधा." पाठचिकित्सेत कार्ल लाखमान यांच्या नावाने जी पद्धत ओळखली जाते, तिचे सूत्र हेच नाही का? दोन प्रतींत बरोबर पाठ सारखा असेल तर त्यातून काही सिद्ध होत नाही. दोन प्रतींत तीच चूक असेल, तर ती चूक दोघींना एकाच पूर्वज प्रतीकडून आली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले; १९२५ पासून ज्यांनी त्याची धुरा वाहिली त्या वि. सी. सुकथनकरांना लाखमानची पद्धत महाभारतासारख्या प्रचंड आणि परस्परमिश्रित परंपरेला जशीच्या तशी लावता येत नाही, हेही चांगले ठाऊक होते. आमच्या इलेक्ट्रिशियनांनाही त्यांच्या सूत्राची मर्यादा ठाऊक होती. पाण्याचा काटा चुकीचा आणि त्याच वेळी इंजिनही खरेच तापलेले, असे योग येतात. असो.

प्रतींच्या मिश्रणाचे उदाहरण हवे तर अमेरिकन मोटारींकडे जावे. पेट्रोलच्या टाकीत एक तरंगणारा गोळा असतो; तो वरखाली झाला की विजेचा रोध बदलतो आणि तो काटा वाचतो. जनरल मोटर्सच्या गाड्यांत कित्येक वर्षे रिकाम्या टाकीला शून्य रोध आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम असा संकेत होता. फोर्डच्या गाड्यांत याच्या उलट: रिकाम्या टाकीला जास्त रोध, भरलेल्या टाकीला कमी. एकीचा काटा आणि दुसरीच्या टाकीचे युनिट जोडले, तर दोन्ही भाग निर्दोष असूनही टाकी भरताच काटा रिकामे दाखवतो. याला बिघाड म्हणता येत नाही. हे संकेताचे भांडण आहे, आणि ते कोणत्याही हत्याराने सुटत नाही. दोघांपैकी एकाला बदलावे लागते.

या साऱ्या दुरुस्त्यांत मला सर्वांत आवडलेली दुरुस्ती मात्र विजेची नाही. एमजीए (१९५५ ते १९६२) सारख्या गाड्यांत ऑइलचा दाब आणि पाण्याची उष्णता एकाच तबकडीत दोन काट्यांनी दाखवलेली असते. उष्णतेच्या काट्यामागेही बूर्दोंची नळीच. पण तिला इंजिनापर्यंत जोडणारी केसासारखी तांब्याची नळी आणि टोकाला एक फुगवटा, आणि हे सारे आतून ईथरने भरून कायमचे बंद केलेले. पाणी तापले की ईथरची वाफ होते, दाब वाढतो, नळी उलगडते. आता ही केसनळी साठ वर्षांत कुठेतरी तडकते आणि ईथर उडून जाते. काटा थंडाच्या खुणेवर मेलेला. नवी तबकडी मिळत नाही, आणि मिळाली तरी ती त्या गाडीची नव्हे. मग हौशी दुरुस्तकार असे करतात: एक स्वस्तातला, पण चालू स्थितीतला असाच उष्णतामापक घ्यायचा. त्याचा ईथरने भरलेला फुगवटा बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात बुडवायचा. ईथर साधारण ३५ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे उन्हाळ्यातल्या आपल्या खोलीच्या तापमानालाच. बर्फमिठात मात्र ते द्रवरूपाने गोठ्यातल्या गायीसारखे गुमान फुगवट्यात बसून राहते. मग नळी कापायची, जुन्या तबकडीच्या नळीशी तिचे टोक एका बारीक बाहीत बसवून जोडायचे, डाख द्यायचा. डाख जमेपर्यंत बर्फ वितळता कामा नये. शिवाय ईथर हा अत्यंत ज्वालाग्राही पदार्थ. ज्योतीऐवजी तापवलेली इस्त्री वापरायची, दारे उघडी ठेवायची. सांधा निवल्यावर फुगवटा गरम पाण्यात धरायचा. काटा हलला, तर साठ वर्षांपूर्वीची तबकडी दुसऱ्याच्या श्वासावर पुन्हा बोलू लागलेली असते.

दुरुस्ती नेहमीच करावी, असे मात्र नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या काही लष्करी वाहनांच्या, विमानांच्या आणि मोटारींच्या तबकड्यांवर अंधारात दिसणारा रंग असे; त्यात रेडियम घातलेले असे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी घड्याळांच्या तबकड्यांवर हा रंग चढवणाऱ्या तरुण मुलींना कुंचल्याचे टोक ओठांनी अणकुचीदार करायला शिकवले होते. त्यांचे जबडे कुजले, हाडे मोडली. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सोबतिणींनी कंपनीवर दावा लावला. १९२८ मध्ये तडजोड झाली, तोवर त्यांच्यापैकी काहींना साक्षीला नीट उभेही राहवत नव्हते. अंधारात चमकण्याचा गुण त्या रंगातून काही वर्षांतच जातो, कारण त्यातला जस्ताचा क्षार झिजतो. रेडियम मात्र १६०० वर्षांनी निम्मे होणार. तेव्हा जी तबकडी आता मुळीच चमकत नाही, तिच्यावरचा तपकिरी पापुद्रा खरवडून नवा रंग देऊ पाहणारा माणूस ते कण स्वतःच्या श्वासात घेत असतो. अशी तबकडी उघडायची नाही, घासायची नाही, काचेआडून वाचायची. शोभेसाठी जुन्या तबकड्या 'नव्यासारख्या' करून देणाऱ्यांच्या जाहिराती पाहिल्या की मला या मुली आठवतात.

तरीही ज्या तबकड्या उघडता येतात त्यांच्याबाबत एक प्रश्न उरतोच, आणि तोच मला या विषयातला खरा वादाचा मुद्दा वाटतो. मघाच्या त्या पत्र्याच्या डबीत आजकाल काय करतात? आतली तोडजोड करणारी पट्टी काढून टाकतात आणि तिथे ७८१० क्रमांकाची, बोटाच्या पेराएवढी, स्थिर १० व्होल्ट देणारी आधुनिक चिप बसवून डबी पुन्हा बंद करतात. बाहेरून पाहता डबी १९६५ ची. काटे पूर्वी कधी नव्हते इतके अचूक. मूळ यंत्रशास्त्राची प्रामाणिकता हरवली म्हणून शुद्धतावादी हळहळतात, आणि सोय पाहणारे त्यांना हसतात. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. चिप बसवण्याला माझा विरोध नाही. डबी बंद करून गप्प बसण्याला आहे. चिकित्सक आवृत्तीत सुकथनकरांनी जे भाग प्रक्षिप्त ठरवले ते नष्ट केले नाहीत, तारांकित करून तळटीपांत ठेवले. संपादकाचा हात कुठे फिरला ते वाचकाला दिसावे, ही त्यामागची शिस्त. डबीच्या आत एक चिठ्ठी, वर्ष आणि केलेला बदल लिहून, ठेवायला कितीसा वेळ लागतो? पुढच्या दुरुस्तकाराला डबी उघडल्यावर जे दिसेल ते त्याने मूळचे समजू नये, एवढीच अपेक्षा.

ही अपेक्षा वेडगळ नाही, हे एका कायद्यावरून दिसते. अंतराचे आकडे मागे फिरवून जुनी गाडी कमी धावलेली म्हणून विकणे ही जगभरची लबाडी. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ती गुन्हा ठरवली. पण अंतरमापक खरोखरच बिघडला आणि दुरुस्तीनंतर त्यावर पूर्वीचा आकडा आणता आला नाही, तर? कायदा सांगतो की आकडा शून्यावर आणावा आणि दुरुस्तीपूर्वीचा आकडा व दुरुस्तीची तारीख लिहिलेली सूचना डाव्या दाराच्या चौकटीवर चिकटवावी. पाठ बदलला, पण तळटीप दिली. रूक्ष कायद्याच्या भाषेत संपादनशास्त्राचा इतका नेमका नियम मी अन्यत्र वाचलेला नाही.

मुंबईकरांना याच्या जवळची एक गोष्ट आठवेल. काळ्यापिवळ्या टॅक्सींवरचे यांत्रिक भाडेमीटर भाडेवाढ झाली तरी जुनाच आकडा दाखवत. ड्रायव्हर मीटर वाचून मग खिशातून छापील तक्ता काढी आणि आजचे भाडे सांगे. मूळ पाठाला हात न लावता त्यावर टीका जोडत जाण्याची ही आपली जुनीच पद्धत. २०१२ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक मीटर आले, तक्ता गेला. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनी गाड्यांतली शेवटची टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुदत संपून रस्त्यावरून उतरली.

काटा खराच असावा, असा आग्रह तरी आपण किती धरतो? युरोपात लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार वेगाचा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही. जास्त दाखवायला मात्र खऱ्या वेगाचा दहावा हिस्सा आणि वर ताशी ४ किलोमीटर इतकी सूट आहे. म्हणजे कायद्याने मान्य केलेली अतिशयोक्ती. याहून पुढची पायरी १९९० च्या दशकात आली. माझदाच्या एमएक्स-५ या गाडीत आधी ऑइलच्या दाबाचा खरा काटा होता. १९९५ पासून त्याच तबकडीमागे साधा स्विच बसवला गेला. दाब किमान मर्यादेच्या वर असेल तर काटा मध्यभागी, नसेल तर तळाशी. मधले काहीच नाही. खऱ्या काट्याची हालचाल पाहून घाबरलेले ग्राहक तक्रार घेऊन येतात, हे याचे नेहमी दिले जाणारे कारण. ही तबकडी बिघडली तर ती दुरुस्त करून आपण नेमके काय परत मिळवतो, हे मला सांगता येणार नाही. काही हौशी मालक तो स्विच काढून जुन्या पद्धतीचे यंत्र परत बसवतात, हे मात्र खरे. आणि मग निवांत इंजिनावर काटा खाली येताना पाहून काही दिवस बेचैन असतात.

आमच्या गाडीचा काटा उघडावाच लागला नाही. टाकीतल्या युनिटची तार काढून पत्र्याला टेकवली तसा काटा सावकाश पूर्ण भरल्याच्या खुणेवर गेला. म्हणजे तबकडी आणि वायर दोन्ही ठीक. टाकीतले युनिट बाहेर काढले तर गोळ्याचा दांडा बिजागरीत जुन्या पेट्रोलच्या डिंकासारख्या थराने जिथल्या तिथे चिकटलेला. कधी काळी टाकी अर्धी असताना गाडी बरेच दिवस उभी राहिली असावी. दांडा साफ केला, पितळी गोळा कानाशी हलवून आत पेट्रोल शिरले नसल्याची खात्री केली, नवे वॉशर घालून युनिट बसवले. खर्च किरकोळ. इलेक्ट्रिशियन म्हणाले, "आता मापून बघा, थोडा दांडा वाकवायला लागेल."

मापायला मी डिकीतली ती बांबूची पट्टी काढली, आणि पहिल्यांदा ती नीट पाहिली. खाचा दोन्ही कडांना आहेत. एका कडेच्या खाचा रुंद आणि गुळगुळीत झालेल्या, दुसऱ्या कडेच्या धारदार. तळाशी दोन्ही कडांची पहिली खाच जवळजवळ समोरासमोर आहे. वर जाताना जुन्या कडेची प्रत्येक खाच नव्या कडेच्या खाचेपेक्षा थोडी थोडी मागे पडत जाते. जुनी कड गॅलनची. नवी, दर खाचेला पाच लिटरची. दशमान मापांचा कायदा १९५६ चा. वडिलांनी पट्टी उलटी धरून दुसरी कड केव्हा कोरली ते घरात कुणाला आठवत नाही. पहिली कड त्यांनी तासून टाकलेली नाही.